विकतचा धबधबा

१

बिलियर्डच्या टेबलावर मांडलेलं सामान असं होतं. रंगांची पेटी एक. तिच्यात रंगाच्या ट्यूब चौदा. तेरांना टोपण होतं, पांढऱ्या रंगाच्या ट्यूबला नव्हतं. ब्रश नऊ; सहा स्वच्छ, तीन रंगाने भरलेले, त्यांतला सगळ्यांत बारीक पांढऱ्याने. ब्रश पुसायचं फडकं एक, घडी न मोडलेलं. लाकडी पाटी एक, फूटभर लांब आणि नऊ इंच रुंद; तिच्यावरचं चित्र अजून ओलं. जेवणाचा पत्र्याचा डबा एक. आत दोन अंड्यांची टरफलं आणि सफरचंदाचा गाभा. घडीचं स्टूल एक, पाय मोडलेला. पांढरी छत्री एक, काड्या मोडलेल्या.

ऑगस्टा स्प्रेगने सगळं दोनदा मोजलं आणि वहीत लिहून घेतलं. तेवीस वर्षांची ही मुलगी खगोलशास्त्र शिकून हडसन नदीकाठच्या एका शाळेत गणित शिकवत होती. तार मिळाल्यावर मिळेल त्या गाडीने ती कॅटस्किलच्या डोंगरात आली होती.

"सगळं आहे ना, मिस स्प्रेग?" ब्रॅम्बल हाउस या हॉटेलचे मॅनेजर होरेस डन्सकोम यांनी हलक्या आवाजात विचारलं. पांढरा स्वच्छ सूट, आणि दंडावर आजच बांधलेली काळी फीत. "पेटी, तिच्यातली पाटी आणि डबा वरच्या कपारीत कोरडे सापडले. स्टूल आणि छत्री खाली वाहत गेली होती. आणि तुमचे काका..."

"ते मला सांगितलंय," ऑगस्टा म्हणाली.

एलिहू स्प्रेग काल, बुधवारी, अठरा ऑगस्टला गेले. एकसष्ट वर्षांचे होते. चाळीस उन्हाळे त्यांनी हे डोंगर रंगवले. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये बसून मासिकांसाठी चित्रं काढायची आणि बर्फ वितळला की पेटी खांद्याला लावून इथे यायचं, हा त्यांचा ठरलेला क्रम. काल दुपारी अडीच वाजता तीनच्या खेळासाठी लवकर उतरलेल्या पाहुण्यांना ते खालच्या डोहात दिसले.

खेळ म्हणजे धबधब्याचा. ऑगस्टमध्ये ओढ्याला करंगळीएवढं पाणी असतं. ते हॉटेलने कड्याच्या माथ्यावर बांध घालून अडवलं होतं. रोज अकरा वाजता आणि तीन वाजता पाहुणे खाली जमायचे. माथ्यावर टूनिस ओव्हरबाख तीनदा घंटा वाजवायचा, पाच मिनिटं थांबायचा आणि बांधाची फळी उचलायचा. मग दहा मिनिटं धबधबा पडायचा. दहा मिनिटांनी फळी खाली, की कडा पुन्हा कोरडा.

"टूनिसने मधेच फळी उचलली," डन्सकोम म्हणाले. "घंटा न वाजवता. कुणी व्हिस्कीची बाटली दाखवली की तो कुणासाठीही पाणी सोडतो. शनिवारी मृत्यूची चौकशी करायला कॉरोनर येतायत. त्यांनी ठपका ठेवला की शेरीफ त्याला तुरुंगात नेईल. निदान तुम्हाला न्याय मिळेल."

ऑगस्टाला ते पटलं होतं. टूनिसला तिने अजून पाहिलं नव्हतं, तरी त्याचा राग येऊ लागला होता. तिने बारीक ब्रश उचलला. पांढरा रंग तिच्या अंगठ्याला लागला.

लहानपणी तिने काकांचा एक ब्रश न पुसता ठेवला होता, तेव्हा ते दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. पाच मिनिटं मिळाली असती तर त्यांनी तिन्ही ब्रश पुसले असते. म्हणजे घंटा खरंच वाजली नव्हती.

"मिस्टर डन्सकोम, त्या फळीला कुलूप असतं का?" तिने विचारलं.

"असतं की."

"किल्ल्या किती?"

डन्सकोमनी फितीची गाठ सारखी केली. "एक टूनिसकडे. एक आमच्या ऑफिसात, खिळ्याला. पण ती कोणीच वापरत नाही."

२

व्हरांड्यात लेथ्रोप पेल झुलत्या खुर्चीत बसले होते. काकांची चित्रं छापणाऱ्या मासिकाचे ते कलासंपादक. पांढरी विजार, पांढरा कोट, डोक्यावर गवती टोपी. ऑगस्टाने सामान नीट बघेपर्यंत त्यांनी दोनदा निरोप पाठवला होता.

"शेवटची पाटी कुठाय?" ओळख होताच त्यांनी विचारलं. मग स्वतःच ओशाळले. "माफ करा. आधी सांत्वन करायला हवं होतं."

"परवा रात्री जेवताना तुमचं काकांशी भांडण झालं म्हणे."

"भांडण नाही हो. मी म्हटलं, एलिहू, पाच वर्षांत मासिकं फोटोच छापणार. चित्रकाराला डोंगरावर पाठवायची गरजच राहणार नाही. तो म्हणाला, तुझा फोटो डन्सकोमचा विकतचा धबधबा काढेल, मी कडा काढेन. आणि सूप उरलेलं असताना उठून गेला."

"काल दुपारी अडीचच्या आधी तुम्ही कुठे होतात?"

पेल हसले. "मलाच धरताय? जेवणाच्या टेबलावर. बारा ते दोन. मी ट्राउट माशाची गोष्ट सांगत होतो."

"दोन तास? एका माशाची?"

"मासा मोठा होता."

शेजारच्या खुर्चीतली म्हातारी बाई विणकामातून वर न बघता म्हणाली, "सांगत होते, खरं आहे ते. चाळीस माणसं साक्षीला आहेत. मी मधे दोनदा डोळे मिटले, तरी मासा गळालाच होता."

ऑगस्टाने वहीत पेल यांच्या नावापुढे खूण केली. मग त्या बाईला विचारलं, "मिस्टर डन्सकोम होते का तिथे?"

"सुरुवातीला दाराशी उभे होते. रोजच असतात. पुडिंग आलं तेव्हाही होते." सुया थांबल्या. "मधे दिसले नाहीत. पण त्यांना शंभर कामं असतात, बाई."

३

टूनिसची झोपडी घळीच्या वरच्या अंगाला होती. झोपडीही हॉटेलचीच. तो उंबरठ्यावर बसला होता. साठीचा, वाकलेला, उन्हातही लाल फ्लॅनेलचा सदरा घातलेला. शेरीफने त्याला घर सोडायला बंदी केली होती.

"मी अकराला सोडलं आणि बंद केलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कुलूप लावलं. बाराला घरी आलो. अडीचला आरडाओरडा ऐकला. एवढंच."

"कोण होतं बरोबर?"

"मी होते!" आतून आवाज आला आणि पाठोपाठ आनाचे, त्याची बायको, पिठाच्या हातांनी बाहेर आली. "पण बायकोची साक्ष कोण धरतंय? शेरीफ म्हणतो, आनाचे, तू तर म्हणणारच. अगं पोरी, मी या माणसाच्या बाजूने तीस वर्षांत कधी बोललेय का? विचार त्यालाच."

टूनिसने मान हलवली. खरंच बोलली नव्हती.

"दारू पितात का हे?"

"पितो. रविवारी. आणि पिऊन झोपतो, फळ्या उचलत नाही. गुडघे वाकतात कुठे त्याचे?" तिने हात पुसले. "एलिहूला मारायला हा जाईल? आमची तोंडं सगळ्या देशाला दाखवली त्याने. नाताळच्या अंकातली शेकोटीपुढची आजी बघितलीस का? ती मी. जुलै महिना होता, जुलै! नाताळचा अंक म्हणे उन्हाळ्यातच करतात. मला लोकरीची शाल, याला अस्वलाचं कातडं. आणि समोर चूल ढणाढणा पेटवलेली. मी म्हटलं, अरे बाबा, आग मनाने काढ की! तर म्हणाला, आनाचे, जे समोर नाही ते मला काढता येत नाही."

"आणि बर्फ?"

"बर्फ जानेवारीत येऊन काढून न्यायचा. माणसं जुलैत. दोन्ही जोडायचा. मी म्हटलं, मग एखादा दात तरी जास्तीचा काढ मला. तेही नाही." ती ॲप्रनचं टोक पिळू लागली. "तेवढं तरी करायचं होतं मेल्याने."

ऑगस्टाने दारामागच्या खुंटीकडे पाहिलं. तिथे आणखी एक लाल सदरा टांगला होता.

"या उन्हातही फ्लॅनेलच? तुमच्याकडे पांढरे कपडे नाहीत का?"

टूनिसने पहिल्यांदा वर पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नाही. "लग्नात एक होता," तो म्हणाला. "माझा नव्हता."

४

खोलीत परत आल्यावर ऑगस्टाने पाटी खिडकीशी उभी केली. काकांच्या सवयी तिला पाठ होत्या. बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत सावल्या मांडायच्या आणि नंतर त्यांना हात लावायचा नाही, कारण सूर्य हलतो आणि चित्र हलता कामा नये. मग कडा, मग झाडं. आणि अगदी शेवटी, बारीक ब्रशने, एखादा माणूस. मासिकातल्या कामाने लावलेली ती खोड होती. माणूस शेजारी असल्याशिवाय वाचकाला कड्याची उंची कळत नाही, असं ते म्हणायचे. माणूसही खराच लागायचा. कोणी दिसलं नाही, तर कडा रिकामा राहायचा.

पाटीच्या मागे शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: १८ ऑगस्ट, १२ ते. पुढची जागा कोरी. उठताना वेळ लिहायची राहून गेली होती.

चित्रात कडा कोरडा होता. मध्यावरच्या ओल्या पट्ट्यालाही त्यांनी करडा रंग दिला होता. झाडं काळपट हिरवी, खडक तपकिरी. तिने भिंग घेतलं आणि डावीकडून उजवीकडे एकेक इंच तपासत गेली. पांढरा रंग कुठेही नव्हता.

मग ती वरच्या कडेला पोचली.

माथ्यावर, हेमलॉकच्या गडद झाडीपुढे, बांध असतो नेमक्या त्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस उभा होता. डोक्याच्या जागी वाळक्या गवताच्या रंगाचा ठिपका आणि खाली एकच उभा फटकारा.

फटकारा पांढरा होता.

चित्रात पांढरा रंग एकाच जागी होता. बारीक ब्रशवर पांढरा होता. टोपण न लावलेली ट्यूब पांढऱ्याची होती. म्हणजे ब्रश पुसायलाही वेळ मिळाला नाही, त्या आधीच्या क्षणी काका या माणसालाच रंगवत होते. माथ्यावर कुणीतरी चालत गेलं, ते त्यांना दिसलं. पण घंटा वाजली नव्हती. म्हणून त्यांनी त्याला चित्रात घेतलं आणि बसून राहिले.

पाणी आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तेही सामान सांगत होतं. आधी पाटी पेटीत घातली. मग पेटी आणि डबा वर कपारीत चढवला.

आता टूनिस सुटत होता. पण पांढरे कपडे या हॉटेलात निदान वीस पुरुषांचे होते.

५

शुक्रवारी सकाळी दिवाणखान्यात लहान मुलं जोडचित्रं बघत होती. एकाच देखाव्याचे दोन फोटो पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले असतात. दोन भिंगांच्या चौकटीतून पाहिलं की दोन्ही मिळून देखावा खोल दिसतो. हॉटेलात राहणारा फोटोग्राफर ऑर्लँडो किप ती विकायचा.

"हे नवीन आहे ना, ते बिघडलंय," एक मुलगी दुसरीला सांगत होती. "त्याच्यात भूत लुकलुकतं."

ऑगस्टाने चौकट मागून घेतली. पुठ्ठ्यावर धबधबा होता, भर पाण्याचा. पाणी थरथरत होतं, त्यात नवल नव्हतं. पण धबधब्यापासून चांगलं बाजूला, एका सपाट खडकावर, पांढरा डाग लुकलुकत होता. दिसायचा आणि नसायचा.

तिने उजवा डोळा मिटला. डाग स्थिर झाला. डावा डोळा मिटला. डाग गेला.

म्हणजे तो फक्त डाव्या फोटोत होता. भिंगाखाली तो फेसासारखा दिसत होता, पण फेसाला दांडा नसतो.

किप अंधाऱ्या खोलीबाहेर हात धूत होता. अंगात नेहमीचा काळा कोट, बोटं औषधांनी डागाळलेली.

"मिस्टर किप, तुमच्या कॅमेऱ्याला भिंगं किती?"

"एकच. जोडभिंगाचा कॅमेरा परवडत नाही मला. एक फोटो घेतो, कॅमेरा तीन इंच सरकवतो, आतली फोटोची काच बदलतो, दुसरा घेतो."

"मधे किती वेळ जातो?"

"तीनचार मिनिटं. काच अडकली तर जास्त."

"हे चित्र कधी घेतलं?"

त्याने पुठ्ठा बघितला आणि टॉवेल शोधू लागला. टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता. "बुधवारी. अकराच्या खेळाला."

"खाली तर पाहुणे उभे असतात. तुमच्या चित्रात एकही नाही."

"हाकललं त्यांना. तुम्हाला काय करायचंय? मला कामं आहेत."

दार लागलं. ऑगस्टा पुठ्ठा हातात धरून उभी राहिली. चित्रात कपारीशेजारी हेमलॉकचं एक झाड एकटं उभं होतं आणि त्याच्या बुंध्याची सावली मागच्या खडकावर पडली होती. दोन्ही फोटोंत ती स्पष्ट होती. ऑगस्टाने खिशातली मोजपट्टी काढली, मग परत ठेवली. ही गोष्ट खोलीत मोजण्यासारखी नव्हती.

६

ती साडेदहालाच घळीत उतरली. फोटोतल्या कोनात उभं राहिल्यावर कडा उत्तरेला येत होता. हेमलॉकमागच्या खडकाला उभ्या चिरा होत्या. तिने त्यांना डावीकडून आकडे दिले.

अकराला घंटा तीनदा वाजली. टूनिसच्या जागी हॉटेलचा माळी होता. पाणी सुटलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पेल यांनी चित्रकलेवर काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि लोक पांगले. बुंध्याची सावली दुसऱ्या चिरेवर होती, झाडाच्या डावीकडे.

बाराला ती झाडाच्या बरोबर मागे, तिसऱ्या चिरेवर आली. पाटीवरही काकांनी ती तिथेच मांडली होती.

मग ती उजवीकडे सरकू लागली. ऑगस्टा घड्याळ हातात धरून उन्हात बसून राहिली. भूक लागली, ती तिने वहीत लिहिली नाही. एक वाजून दहा मिनिटांनी सावलीची कड चौथ्या चिरेला टेकली. डाव्या फोटोत ती नेमकी तिथेच होती. एक वाजून चौदा मिनिटांनी कड चिरेच्या पुढे दोन बोटं गेली. उजव्या फोटोत ती तिथे होती. दोन दिवसांत सूर्य जरा खाली आला होता. त्याचा फरक तिने काढून पाहिला, तो एका मिनिटाहूनही कमी भरला.

एक वाजून दहा मिनिटांनी सपाट खडकावर छत्री होती. एक वाजून चौदा मिनिटांनी नव्हती. काका डाव्या फोटोत दिसत नव्हते, कारण फोटोची काच सावकाश बघते आणि पळणारा माणूस तिच्यावर उमटत नाही.

किप खाली होता, कॅमेऱ्यामागे. फळी वर होती. एकच माणूस दोन्हीकडे नसतो.

पायवाटेने परतताना वळणावर डन्सकोम उभे होते. पांढरा सूट, गवती टोपी.

"उन्हाचं बसू नये, मिस स्प्रेग," ते म्हणाले. "ती पाटी माझ्या तिजोरीत ठेवू का? पेल साहेबांचा तिच्यावर डोळा आहे. अशा वस्तू हरवतात."

"हरवणार नाही," ऑगस्टा म्हणाली. "ती मी हॉटेलात ठेवलेलीच नाही."

पाटी आनाचेच्या पिठाच्या डब्यामागे होती.

७

शनिवारी दहा वाजता जेवणघरातली टेबलं बाजूला सारून कॉरोनर बसले. सहा पंच, शेरीफ आणि मागे पाहुण्यांची गर्दी. टूनिस भिंतीशी उभा होता. आनाचेने त्याला केस विंचरायला लावले होते.

डन्सकोमनी आपलं म्हणणं थोडक्यात सांगितलं. मग ऑगस्टाने सामान मांडलं, त्याच क्रमाने, आणि ब्रश, फडकं, ट्यूब, पाटी एकेक करून दाखवलं. भिंग पंचांच्या हातातून फिरलं.

"हा ठिपका म्हणजे माणूस?" एका पंचाने विचारलं.

"माणूसच," मागून पेल म्हणाले. "पंचवीस वर्षं मी त्याचे ठिपके छापतोय. दिसल्याशिवाय एकही काढला नाही त्याने. मी पाया पडलो तरी."

"बरं. पण मिस स्प्रेग," कॉरोनर म्हणाले, "घंटा वाजली नाही, हे तर टूनिसच्याच विरुद्ध जातं. चोरून पाणी सोडायचं तर तोही घंटा वाजवणार नाही."

"बरोबर. म्हणून घंटेवरून मी काहीच सिद्ध करत नाही. कपड्यांवरून करते. टूनिस लाल सदऱ्याशिवाय कुणाला कधी दिसलाय?"

आनाचे म्हणाली, "मलासुद्धा नाही." दोघं हसले.

"पांढरे कपडे इथे वीस जण घालतात," डन्सकोम म्हणाले.

"हो. पण किल्ली वीस जणांकडे नाही. आणि ते वीस जण एक वाजून दहा मिनिटांनी याच खोलीत माशाची गोष्ट ऐकत होते."

"एक दहा कशावरून?" डन्सकोमनी विचारलं.

तिने जोडचित्र आणि चिरांचा नकाशा कॉरोनरपुढे ठेवला. अकराची सावली डावीकडे. फोटोतली उजवीकडे. कॉरोनरनी चौकट डोळ्यांना लावली, एक डोळा मिटला, मग दुसरा. चौकट खाली ठेवून त्यांनी किपकडे पाहिलं.

"मिस्टर किप, सूर्य खोटं बोलतोय की तुम्ही?"

"मला वाटलं फेस आहे," तो म्हणाला. "देवाशपथ. मी काळ्या कापडाखाली होतो. मी फक्त रुमाल हलवला."

"कुणाला?"

किपने खिशातला रुमाल आणखी आत कोंबला.

"कुणाला रुमाल हलवलात?" ऑगस्टाने विचारलं.

"अकराला घळीत नीट ऊन नसतं, आणि माणसं चित्रात येतात," किप भरभर बोलू लागला. "पुढच्या वर्षीच्या जाहिरातीसाठी यांना रिकामा धबधबा हवा होता. मला हॉटेलातच कायमची स्टुडिओची खोली देणार होते. मी म्हटलं घंटा? तर म्हणाले, घंटा वाजवली तर चाळीस माणसं जेवण टाकून खाली पळतील, मग तुझा फोटो झाला!" त्याने बोट दाखवलं नाही. गरजही नव्हती.

डन्सकोमनी दंडावरची फीत चाचपली. "मी वरून पाहिलं होतं," ते म्हणाले. "खाली कोणी दिसलं नाही. छत्री पांढरी होती आणि खडकही उन्हात पांढरेच दिसतात. जेवणाच्या वेळी कोण असणार तिथे? कधीच कोणी नसतं."

"नंतर कळलं तेव्हा?" कॉरोनरनी विचारलं.

"नंतर..." डन्सकोमनी खोलीभर पाहिलं. सगळे पाहुणे त्यांच्याकडे बघत होते. "नंतर ते गेलेच होते. त्यांना परत आणता येत नव्हतं. हॉटेल तरी..."



पंचांना वीस मिनिटंही लागली नाहीत. टूनिसवर ठपका नव्हता. शेरीफने डन्सकोमना टोपी घ्यायला सांगितलं. किपला जिल्ह्याच्या गावी साक्षीला हजर राहायचा हुकूम मिळाला.

८

दुपारी ऑगस्टा माथ्यावर चढली. पुढे टूनिस, मागे आनाचे पदराखाली डबा घेतल्यासारखी पाटी ॲप्रनखाली धरून. मधे थांबून तिने पाटी काढून पाहिली.

"एवढासाच काढला त्याला," ती म्हणाली. "माझं तोंड तर पानभर काढलं होतं."

"पाटी तुमच्याकडेच राहू द्या," ऑगस्टा म्हणाली.

"मी काय करू तिचं? माझं तोंडही नाही तिच्यात." पण तिने पाटी परत ॲप्रनखाली घेतली.

बांधाशी पाणी हिरवं, स्थिर होतं. आज अकराचा खेळ झाला नव्हता. ओक लाकडाच्या फळीला लोखंडी दांडा होता. बाजूला खांब, खांबावर घंटा, घंटेला दोरी. दोरीचं टोक हातांनी धरून धरून काळं गुळगुळीत झालं होतं.

ऑगस्टाने मोजफीत काढली आणि एक टोक टूनिसच्या हातात दिलं.

"आता काय राहिलं मोजायचं, पोरी?" त्याने विचारलं.

"दोरीला धरा. ताणून."

तिने दुसरं टोक दांड्याला लावलं, आकडा वाचला, पुन्हा एकदा मोजलं आणि वहीत लिहिलं. दांडा धरलेल्या माणसाचा दुसरा हात दोरीला पोचत होता.

घंटेच्या दोरीपासून फळीच्या दांड्यापर्यंत: चार फूट दोन इंच.